कोरडी लादी

१

फाइट मागायला आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात आधी ओलं फडकं द्यायचं, हा आमच्या क्लासचा नियम. विद्याधर सरांनी घालून दिलेला. सर जाऊन तीन वर्षं झाली, तरी नियम चालू आहे, कारण तो लागू पडतो.

कराटेचा क्लास चालवणाऱ्याच्या नशिबी ही माणसं असतातच. कुणी जिममधून दंड फुगवून येतो, कुणी मोबाइलवर व्हिडिओ बघून, तर कुणाला बरोबर आलेल्या बायकोला काहीतरी दाखवायचं असतं. चपला न काढता दारात उभे राहतात आणि म्हणतात, "मॅडम, एक फाइट होऊन जाऊ दे." मॅडम म्हणजे मी, हेमांगी. वय सत्तेचाळीस, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दिवसा वसईतल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी साडेसहाला गिरीजच्या हॉलमध्ये क्लास घेते.

हॉल केळीच्या वाड्यांच्या मधोमध आहे. वर पत्रे, खाली शहाबादी लादी, कोपऱ्यात लग्नाची पातेली आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्या. क्लासच्या आधी सगळ्यांनी ओणवं होऊन, गुडघे न टेकता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लादी पुसायची. पाहुण्यालाही लादीचा एक पट्टा नेमून द्यायचा. बहुतेक पाहुण्यांना फडकं बघताच महत्त्वाचा फोन येतो. जे थांबतात ते विद्यार्थी होतात. भुईगावचा कॉन्रॅड तसाच थांबलेला. बँकेत नोकरी, वय बावन्न. आठ वर्षांपूर्वी सरांना धडा शिकवायला आला होता. आता केशरी पट्ट्यावर अडकलाय आणि खूश आहे.

नियमाला एक शेपूट होतं. तीन दिवस लादी पुसूनही ज्याची खुमखुमी उरली, त्याच्याशी शिकवणाऱ्याने स्वतः खेळायचं. विद्यार्थ्याला पुढे करायचं नाही. फाइटनंतर हरलेला आधी वाकतो, मग जिंकलेला, आणि हरलेल्या पाहुण्याने पुन्हा फाइट मागायची नाही. पण तिसऱ्या दिवशी कुणी फाइट मागितलेली मी कधी पाहिली नव्हती.

फडक्याला हात न लावता नुसतेच अडून बसणारेही असत. त्यांच्यापुढे सर सरळ हात जोडायचे. "हरलो बुवा मी. चहा घेणार?" मला त्याची चीड यायची. तीस वर्षांत या हॉलमध्ये मी एकदाही हरलेले नाही, आणि ते मी चारचौघांत ऐकवतेही. एकदा मी लवकर पोचले तर सर रिकाम्या हॉलमध्ये एकटेच, कपाळ लादीला टेकवून बसलेले. म्हणत होते, "हरलो बाबा. मनापासून हरलो." काय चाललंय विचारलं तर म्हणाले, "सराव." त्यानंतर आठवडाभर मी आणि कॉन्रॅड त्यावरून हसत होतो.

२

जानेवारीतल्या एका मंगळवारी तो आला. आम्ही बादलीत फडकी पिळत होतो. दारात मध्यम उंचीचा माणूस उभा होता, उजव्या पायावर भार न देता. याचाही गुडघा गेलेला दिसतोय, असं माझ्या मनात आलं. साधा शर्ट, पँट. पाय अनवाणी होते आणि दाराबाहेर चपला नव्हत्या.

"एक फाइट खेळू या का?" तो म्हणाला. आवाजात मस्ती नव्हती. भाजीवाल्याला भाव विचारावा तसं विचारलं त्याने.

मी फडकं पुढे केलं. त्याने मुकाट्याने घेतलं, भिंतीलगतचा पट्टा धरला आणि पुसायला लागला. गुडघे टेकले नाहीत, मधे थांबला नाही. इतकं नीट कॉन्रॅड आठ वर्षांत शिकला नाही. पुसून झाल्यावर तो भिंतीपाशी बसला, पूर्ण क्लास पाहिला आणि शेवटी दिसेनासा झाला. गेलेला कुणी पाहिला नाही, पण आठला सगळ्यांनाच घाई असते.

मी खिडक्या लावत होते तेव्हा कॉन्रॅडने हाक मारली. "मॅडम, हे बघा ना जरा."

हे सांगताना मला घटनाक्रम नीट ठेवायचा आहे. आम्ही पुसून क्लास सुरू केला तेव्हा सगळी लादी ओली, काळपट होती. शहाबादीला पाणी लागलं की ती काळी पडते आणि वाळायला थंडीत अर्धा तास घेते. त्याचा पट्टा मात्र पहिल्यापासूनच पांढुरका होता, हे कॉन्रॅडने तेव्हाच पाहिलं होतं, पण वर्गात बोलला नव्हता. आता त्याने त्यावर हात फिरवून मला तळवा दाखवला. धुळीचा कण नव्हता. पट्टा स्वच्छ होता. फक्त सुरुवातीलाच, आमच्या तासभर आधी कुणीतरी पुसून गेल्यासारखा, खडखडीत कोरडा होता.

"वर पंखा आहे," मी म्हटलं.

"पंखा बंद आहे, मॅडम."

"मग फडकं घट्ट पिळलं असेल त्याने."

कॉन्रॅडने फडकं उचललं. ते थबथबलेलं होतं. मी लॅबमधली बाई, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाही. कामावर निघून गेले.

३

गुरुवारी तो पुन्हा आला, तेच विचारलं, तोच पट्टा पुसला. या वेळी मी मुद्दाम बघत राहिले. त्याचा हात पुढे सरकायचा आणि फडक्याच्या मागे ओली रेघ उमटायची नाही. उलट फडकं पोचायच्या आतच लादी स्वच्छ दिसायची. पहाटेचा उजेड फसवा असतो, असं मी स्वतःला समजावलं.

त्या दिवशी उन्नतीला एकटीला काता करायला लावला होता. ही माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी. नालासोपाऱ्याची, एकोणीस वर्षांची. रविवारी तिची राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. निवड झाली तर खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीची आशा, आणि त्या आशेवर तिचं सगळं घर बसलेलं. काता म्हणजे हवेतल्या शत्रूशी लढायचा ठरलेला क्रम. त्यात जोरात पाय आपटायच्या जागा असतात. पत्र्याच्या हॉलमध्ये तो आवाज समोरच्या भिंतीवरून परत येतो, हे आम्हाला सवयीचं.

त्या दिवशी आवाज आधी आला.

मी डोळे मिटून ऐकलं, मग उघडून पाहिलं. तिचा पाय अजून वर असतानाच भिंतीपाशी धप्प वाजायचं, मग तिचा पाय पडायचा. तो जिथे बसला होता, तिथून. बसलेला माणूस हलला नव्हता. शेजारच्या वाडीतला पंप चालू होता, त्याचीही धडधड होतीच. पण पंपाला काता येत नाही, हे मलाही कळत होतं.

क्लासनंतर नाक्यावर चहा घेताना कॉन्रॅड म्हणाला, "माझ्याहून मोठं पोट आहे त्याचं, तरी कसा ओणवा राहतो बघा. मला लाज वाटली."

"कोणाचं पोट?" उन्नतीने विचारलं.

"त्या पाहुण्याचं."

"काय अंकल, काहीपण. बारीक आहे तो. माझ्याच उंचीचा. आणि लेफ्टी आहे, डाव्या हाताने फडकं पिळत होता."

उन्नती डावरी आहे. कॉन्रॅडला पोट आहे. आणि मी दोन दिवस त्याचा उजवा गुडघा बघत होते. आम्ही तिघांनी एका माणसाकडे बघून तीन माणसं पाहिली होती. बोलून दाखवलं असतं तर ते खरं झालं असतं. मी चहा तसाच टाकला.

"मॅडम, मला खेळायचंय त्याच्याशी," उन्नती म्हणाली. "मला त्याच्यात कुठे फटच दिसत नाही. अशा माणसाशी एकदा खेळले ना, तर रविवारी कोणी समोर येऊ दे."

"नियम माहीत आहे ना? पाहुण्याशी विद्यार्थ्याने खेळायचं नाही."

ती हो म्हणाली. एकोणीस वर्षांची मुलगी ज्या आवाजात हो म्हणते, त्याच आवाजात.

४

शुक्रवारी अकरा वाजता ती माझ्या लॅबच्या दारात उभी होती, डावं मनगट उजव्या हातात धरून.

पहाटे एकटीच सरावाला गेली होती. हॉलची एक किल्ली तिच्याकडे असते. "मी कुलूप काढलं तर तो आतच होता," ती म्हणाली. "म्हणाला, खेळू या का. मी हो म्हटलं. सॉरी मॅडम."

"कुठे लागलं?"

"लागलंच नाही. त्याने मला हातपण लावला नाही. मी काहीही मारायला गेले की तो आधीच बाजूला. मी विचार करायच्या आत. मग म्हणाला, बाकीचं उद्या. घरी गेल्यावर मनगट दुखायला लागलं."

सूज नव्हती, वळ नव्हता. तरी मी तिला वरच्या मजल्यावर एक्स-रेला नेलं. तिथला मुलगा ओळखीचा. त्याने फिल्म काचेवर लावली आणि म्हणाला, "काही नाही, जुनं फ्रॅक्चर आहे. दोन-एक वर्षांचं असेल. चांगलं जुळलंय."

"माझा हात कधी मोडलाच नाही," उन्नती म्हणाली.

तिच्या आईला फोन केला. आईही तेच म्हणाली. पोरगी एकदाही प्लास्टरमध्ये गेलेली नाही. मी फिल्म पुन्हा पाहिली. हाडावर गाठ स्पष्ट होती. नावं बदलली असतील, दुसऱ्या कुणाची फिल्म असेल, असं तो मुलगा म्हणाला. मीही मान डोलावली. फिल्मवर तिच्या बोटातली अंगठी दिसत होती.

लादी पुसायच्या आधी कोरडी. पाय पडायच्या आधी आवाज. आणि आता हे. जिन्यात एकदम लक्षात आलं. हाड जुळलेलं होतं, पण मोडायचं अजून बाकी होतं. बाकीचं उद्या, असं तो म्हणाला होता.

मी तिच्याकडे किल्ली मागितली. उद्या क्लास बंद, घरी बसायचं, असं सांगितलं. तिने किल्ली दिली, पण तोंड फुगलेलं.

"त्याला किल्ली लागत नाही, मॅडम. आणि मी येणार. तुम्हीपण सरांसारख्या घाबरता का?"

सरांना घाबरट म्हणायला मीच शिकवलं होतं तिला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती.

५

शनिवारी मी सहालाच पोचले. बाकीच्यांना क्लास नाही म्हणून कळवलं होतं, फक्त कॉन्रॅडला बोलावून घेतलं. तो गळ्यातला क्रूस शर्टाच्या बाहेर काढून आला होता. मी कुलूप काढलं.

सगळी लादी स्वच्छ होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कोरडी. फडकी खिडकीत घडी घालून ठेवलेली, तीही कोरडी. तिसरा दिवस त्याने भरून ठेवला होता. आणि हॉलच्या मधोमध तो उभा होता.

मागून स्कूटर थांबल्याचा आवाज आला. उन्नती. मनगटाला क्रेप बँडेज बांधून आली होती. कॉन्रॅड दारात आडवा उभा राहिला. तेवढ्यासाठीच तर त्याला बोलावलं होतं.

"तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्याशी खेळायचं," मी त्याला म्हटलं. "तिच्याशी नाही. ही फाइट संपेल ती माझ्यापाशीच."

त्याने मान हलवली. मी म्हणायच्या आधी हलवली होती, हे नंतर लक्षात आलं.

फाइट किती वेळ चालली सांगता येणार नाही. कॉन्रॅड म्हणतो, एक मिनिट. मी ठोसा काढायचे तिथे त्याचा हात आधीच असायचा. लाथ उचलायची ठरवायचे तोवर तो तिच्या टप्प्याबाहेर गेलेला असायचा. डावं दाखवून उजवं मारलं, तर तो उजव्याचीच वाट बघत उभा. माझ्या पायांचे आवाज मला समोरून, आधी ऐकू येत होते. तीस वर्षं कमावलेलं सगळं तो माझ्याआधी वापरून टाकत होता. मग माझा उजवा गुडघा दुखायला लागला. पडल्यावर दुखतो तसा. मी अजून पडले नव्हते.

"ठीक आहे," मी धापा टाकत म्हटलं. "तुम्ही जिंकलात. झालं?"

तो हलला नाही. माझ्या मनात काय होतं ते त्याला ठाऊक असणार. मी श्वास घ्यायला वेळ काढत होते आणि पुढची लाथ कुठे मारायची ते बघत होते. त्याने हळूच मान वळवली, दाराकडे.

उन्नती कॉन्रॅडच्या हाताखालून आत आली होती. "मॅडम, मी खेळते," ती म्हणाली आणि डावा हात पुढे घेऊन उभी राहिली.  दोन पावलांचं अंतर होतं त्या दोघांत. ते पार करून तिच्या आणि त्याच्या मधे पोचायला मला निदान एक क्षण लागला असता, आणि तो माझ्या एक क्षण पुढे होता. माझी कुठलीही चाल तिथे उपयोगाची नव्हती.

तेव्हा मला सर आठवले. कपाळ लादीला टेकवलेले.

मला खूप रडू आलं, खरं सांगते. हरण्याचं नव्हे. त्या म्हाताऱ्यावर मी आठवडाभर हसले होते त्याचं. माझी ती न हरल्याची तीस वर्षं एकदम चिल्लर वाटली. या पोरीचा हात सलामत राहू दे, मी हरले, सगळ्यांना सांगेन की हरले, असं आतून, तळापासून वाटलं. डावपेच म्हणून नाही. मी वाकायला निघाले. हरलेला आधी वाकतो.

माझी मान खाली जायच्या आत तो वाकला.

कपाळ लादीला टेकवून, पूर्ण. "हरले" हा शब्द मला माझ्याच आवाजात ऐकू आला, समोरून, आणि मग माझ्या तोंडून निघाला. सगळ्यात माझ्या पुढे असणारा तो यातही पुढे गेला होता. वाकता वाकता एक क्षण त्याचा चेहरा दिसला. तो कुणासारखा होता ते मला सांगायचं नाही. पण त्यावर सुटका होती. फार वेळ उभं ठेवलेल्या माणसाला कुणीतरी बस म्हणावं, तशी.

मी जिंकलेल्याने वाकावं तशी वाकले. डोकं वर केलं तेव्हा समोर पातेली आणि खुर्च्या होत्या.

"माझ्या बाजूने गेला नाही," कॉन्रॅड दारातून म्हणाला. "जीझस. मॅडम, माझ्या बाजूने कुणीच गेलं नाही."

उन्नती खाली बसली होती आणि मनगट पुढेमागे फिरवून बघत होती. "दुखत नाहीये," ती म्हणाली. मग तीही रडली. आम्ही तिघं लादीवर बसून राहिलो, आणि मला आठवतं ते एवढंच, की बूड गार पडलं होतं. हात लावून पाहिला. सगळी लादी ओली झाली होती.

६

त्याच दुपारी एक्स-रे पुन्हा काढला. हाड सरळ, कुठे गाठ नाही. तो मुलगा म्हणाला, "बघा, मी म्हटलं होतं ना, फिल्म बदलली." मी त्याचे आभार मानले. जुनी फिल्म मी मागितली नाही. अंगठीचं तर नावही काढलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं आणि मी बरं वाटून घेतलं. रविवारी उन्नतीची निवड झाली. शेवटच्या फाइटमध्ये दोन गुण खाल्ले तिने, मग तीन घेतले. समोरची मुलगी तिच्या पुढे नव्हती, एवढं तिला पुरलं.

मागच्या आठवड्यात एक नवा पाहुणा आला. विरारचा, दंडावर वाघ गोंदवलेला, पायात महागडे बूट. "मॅडम, एक फाइट होऊन जाऊ दे."

मी फडकं दिलं. गडी मानी निघाला, बूट काढून पुसायला लागला. गुडघे टेकत होता, अर्ध्यात थांबून कंबर धरत होता, बादली लाथाडली ती वेगळीच. त्याचा पट्टा संपला तेव्हा मी सगळ्यांसमोर खाली बसले आणि लादीवर तळवा ठेवला. ओली होती. काळीकुट्ट, थबथबलेली, चिखलाचे फराटे असलेली. कॉन्रॅडनेही वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"मग मॅडम, फाइट?" तो धापा टाकत म्हणाला.

मी उभी राहिले, हात जोडले.

"हरले हो मी," मी म्हटलं. "चहा घेणार?"

 मागे उन्नतीने काता सुरू केला होता. मी कान देऊन ऐकलं. आधी तिचा पाय पडला, मग भिंतीवरून आवाज आला.